वाळूचे मुक्काम

अमेरिकेच्या सलग भूमीवरच्या नद्यांमध्ये नकाशात सगळ्यांत शेवटी आलेली नदी म्हणजे एस्कलान्टे. 1872 साली मेजर पॉवेल यांच्या सर्वेक्षण पथकातल्या थॉम्पसन यांनी तिची नोंद केली. तोवर खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आगगाडी धावू लागून तीन वर्षं झाली होती! युटा राज्याच्या दक्षिणेत पाय ठेवल्यावर हा उशीर का झाला ते समजतं. इथे नदी दिसतच नाही. नजर जाईल तिथवर लाल-पिवळ्या खडकाचं उघडंबोडकं पठार, आणि नदी व तिचे ओढे त्याच्या पोटात शिरलेले. अगदी काठावर येईपर्यंत पुढे दरी आहे याचा पत्ता लागत नाही.

एस्कलान्टे गावातल्या माहिती केंद्रात टेबलामागच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. अंदाज पाहिलात का? बाहेर ढगाचं नाव नव्हतं. पण त्या विचारत होत्या वरच्या अंगाच्या डोंगरांबद्दल. तिकडे सर आली की पाणी ओढ्यांतून खाली धावत येतं, आणि अरुंद घळीत चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतानाच त्याला लोंढा गाठतो. वर्षाकाठी जेमतेम 25-30 सेंटीमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात माणसाला भीती बुडण्याची!

गावाबाहेर होल-इन-द-रॉकचा कच्चा रस्ता लागतो. 1879-80च्या हिवाळ्यात सुमारे अडीचशे मॉर्मन स्त्री-पुरुष आणि मुलं ऐंशीच्या वर गाड्या घेऊन या वाटेनं गेली. पुढे कोलोरॅडो नदीच्या कड्यावर त्यांनी एक चीर सुरुंगांनी रुंद केली आणि गाड्या दोरांनी खाली उतरवल्या. रस्ता अजूनही आडव्या वळ्यांचा आहे. "मावशी, दात आवळून बस," एवढं म्हणून भाच्यानं गाडी दामटली.

एकोणीस किलोमीटरवर डेव्हिल्स गार्डन लागतं. तिथे खडकाचे बुटके, जाडजूड खांब कोंडाळं करून उभे आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर कठीण थराची टोपी. टोपीखालचा मऊ थर पाऊस, थंडी आणि वारा लवकर खातात, म्हणून मान बारीक होते आणि डोकं जड राहतं. मेटाटे आर्च नावाची एक कमान तर इतकी नाजूक की ती अजून का उभी आहे असा प्रश्न पडतो. पण खरा पल्ला पुढे होता, म्हणून आम्ही निघालो.

ड्राय फोर्क नावाच्या ओढ्यापाशी गाडी सोडून पायी उतरलो. वाटेत काळपट, खरबरीत, फुगलेली माती दिसत होती. भाच्यानं तीवर पाय देऊ दिला नाही. ती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणू आपल्या चिकट तंतूंनी वाळूचे कण बांधून धरतात, तेव्हा कुठे या भूमीत झुडूप मूळ धरतं. एका पावलानं मोडलेली ती साय सावरायला कित्येक वर्षं लागतात.

पीक-अ-बू घळीचं तोंड कोरड्या ओढ्याच्या तळापासून उंचावर आहे. खडकात खोदलेल्या खोबणींत बोटं रुतवून, भाच्याच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले आणि आत शिरले. आत एकापाठोपाठ दगडी कमानी, आणि वाट कधी त्यांच्या खालून तर कधी पायाखालच्या भोकावरून जाते. कुठेही सरळ रेघ नाही, धारदार कोपरा नाही. पाण्याचे भोवरे जसे फिरले तशा भिंती वळल्या आहेत.

मी सह्याद्रीतल्या सांदणच्या घळीत उतरलेली बाई. अरुंद वाट, दोन्हीकडे उंच कातळ, वर आभाळाची पट्टी, हे ओळखीचं वाटेल असा माझा समज होता. पण आपला बसाल्ट लाव्हा थिजून झालेला. घणालाही तो सहजी दाद देत नाही. इथे मी भिंतीवर नुसता अंगठा घासला तर तळहातावर वाळू आली. कण गोलसर, धुरकट, एकाच मापाचे. वाऱ्यानं घोळून, निवडून टाकलेल्या वाळूची हीच खूण.

मग भिंतीवरच्या रेघा वाचता येऊ लागल्या. तिरप्या रेघांचा एक गठ्ठा, त्यावर आडवा छेद, त्यावर पुन्हा तिरपा गठ्ठा. एकेक रेघ म्हणजे वाळूच्या टेकडीच्या आडोशाच्या उतारावरून घरंगळलेला थर. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र पसरला होता. पृथ्वीच्या इतिहासात माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या वाळवंटांपैकी तो एक. त्यापासून झालेल्या या खडकाला भूवैज्ञानिक नवाहो वाळूखडक म्हणतात. रेघांच्या उतारावरून त्या काळचा वारा मुख्यतः उत्तरेकडून वाहत होता हेही ते सांगतात. ही वाळू इथली नव्हेच, हे तर आणखी थक्क करणारं. तिच्यातल्या झिरकॉनच्या कणांची वयं मोजली तेव्हा बरेचसे कण थेट पूर्वेच्या ॲपलाशियन पर्वतांचे निघाले. महानद्यांनी ते खंडभर वाहून आणले, मग वाऱ्यानं उचलून इथे रचले.

शेजारची स्पूकी घळ आणखी चिंचोळी. पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागते. श्वास सोडायचा, आडवं व्हायचं आणि सरकायचं. काही ठिकाणी दोन भिंतींत वीतभर अंतर. भिंतीतून लोहाच्या गोल गाठी वर आल्या होत्या आणि त्या शर्टावर ओरखडे काढत होत्या. वर पठारावर अशाच गाठी सुट्या होऊन पडलेल्या सापडतात, तपकिरी-काळ्या गोट्या. वाळूच्या कणांवर गंजासारखं लोह असतं, त्यानंच हा खडक लाल दिसतो. भूजलानं ते विरघळवून नेलं तिथे खडक पांढरा पडला. आणि पुढे ते जिथे पुन्हा साकळलं तिथे या गोट्या झाल्या. 2004 साली ऑपर्च्युनिटी यानाला मंगळावर लोहाच्या चिमुकल्या गोळ्या सापडल्या. त्याच वर्षी युटा विद्यापीठाच्या मार्जोरी चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये या गोट्यांचा दाखला देऊन मंगळावरही कधीकाळी भूजल खेळलं असावं असं मांडलं. एक गोटी मी तळहातावर घेऊन पाहिली आणि होती तिथे ठेवली. इथून दगड उचलून नेणं गुन्हा आहे.

परतताना ओढ्याच्या पात्रात घोट्यापर्यंत पाय रुतत होते. ही सगळी भिंतींतून सुटलेली वाळू. पुढच्या लोंढ्याबरोबर ती एस्कलान्टेत जाईल, तिथून कोलोरॅडोकडे. पण 1963 साली ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले, त्यामुळे तिचा सध्याचा मुक्काम लेक पॉवेलच्या तळाशी आहे. तिथे ती पुन्हा थरावर थर साचते आहे. पर्वत, महानदी, टेकडी, खडक, ओढा आणि आता सरकारी जलाशय! इतके मुक्काम केलेल्या वाळूला धरणाची काय मातबरी? त्याची मुदत संपली की ती समुद्राकडे चालू लागेल.