दिशा दाखविणारा

‘तालीम’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. पहिलवान जेथे तांबड्या मातीत घाम गाळतात, ती तालीम. आणि नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी नटमंडळी जो सराव करतात, तीही तालीमच. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘शिक्षण’ असा आहे. वस्ताद डाव समजावून देतो. पण कुस्तीच्या दिवशी आखाड्यात शिष्यालाच उतरावे लागते. नाटकातही तसेच घडते. दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखविणारा. त्या दिशेने चालायचे ते नटाने. तालमीत नटाच्या मनात जे रुजले असेल, तेवढेच प्रयोगाच्या वेळी फुलून येते. म्हणूनच दिग्दर्शक तालमीत नटाशी कसा बोलतो, याला फार मोल आहे.

बीड जिल्ह्याच्या मातीला अशा बोलण्याची जुनी ओळख आहे. तेथे एकनाथांची भारुडे रंगतात. सोंग घेतलेला भारुडकार मध्येच थांबून टाळकऱ्याला प्रश्न विचारतो, टाळकरी फिरून उत्तर देतो आणि त्या सवाल-जबाबांतून गहन विचार हसतखेळत श्रोत्यांच्या गळी उतरतो. अशाच एका भारुडकाराच्या घरी, या जिल्ह्यातील दरडवाडी गावी, १९५७ साली वामन केंद्रे यांचा जन्म झाला. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. १९८७ साली त्यांनी दिग्दर्शित केलेले ‘झुलवा’ हे नाटक फार गाजले. २०१३ साली ते त्याच विद्यालयाचे संचालक झाले आणि २०१९ साली ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला.

आता कल्पना करा, याच जिल्ह्यातील एका शाळेत नाटकाची तालीम चालली आहे. पावसाळा सरला की येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी दूरदेशी जातात. नाटकातील मुलगा आजीजवळ मागे राहणार आहे. आईची गाडी निघते आणि त्याला एकच वाक्य म्हणायचे आहे, “आई, लवकर ये.”

एखादा दिग्दर्शक म्हणेल, “रडवेला हो. आवाज कापू दे. हे बघ, असे म्हण!” मुलगा त्याची हुबेहूब नक्कल करील, पण ते पोपटाचे बोलणे होईल. दुसरा दिग्दर्शक स्वतः वाक्य म्हणून दाखविणार नाही. तो विचारील, “हे वाक्य बोलून तुला काय साधायचे आहे?”

“आईला थांबवायचे आहे, गुरुजी.”

“ती थांबणार नाही, हे तर तुला ठाऊक आहे. मग?”

मुलगा क्षणभर विचार करील आणि हळूच म्हणेल, “मग तिला रडू येऊ नये, म्हणून मी हसून सांगीन.”

तो हसून वाक्य म्हणेल आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतील. ते हसू दिग्दर्शकाने दिलेले नसते. त्याने केवळ वाट मोकळी केलेली असते. रशियातील थोर दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की (१८६३–१९३८) यांनी ‘जर’ या इवल्याशा शब्दाला मोठे महत्त्व दिले. ‘मी जर या माणसाच्या जागी असतो, तर काय केले असते?’ या एका प्रश्नाने नटाची कल्पना जागी होते.

मात्र येथे एक पथ्य पाळावे लागते. त्या मुलाची आई खरोखरच ऊसतोडणीला गेली असेल, तर चारचौघांत त्याला तिची आठवण देऊन रडविणे हा निर्दयपणा होय. कोणाच्याही घरचे दुःख तालमीत उघड्यावर मांडू नये. ‘जर’ या शब्दाने जे साधते, त्यासाठी कोणाची जखम उकलण्याची गरज नसते.

चुका दाखविण्याचीही एक रीत आहे. “अगदीच वाईट झाले” या बोलण्याने नट खचतो. पण त्याला सुधारण्याचा मार्ग सापडत नाही. “शेवटचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही” असे म्हटले की नेमके काय करावे, हे त्याला उमगते. एका वेळी एकच दोष सांगावा. लाजरा मुलगा असेल, तर बाजूला घेऊन सांगावा. एखाद्याच्या बोलीला हसू नये, कारण शेतकऱ्याचे पात्र रंगविताना तीच बोली त्याच्या कामी येते. नटानेही न समजता मान डोलावू नये. शंका विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो तालमीचाच भाग आहे.

रंगीत तालीम संपते, प्रयोगाची घंटा होते आणि दिग्दर्शक पडद्याआड जातो. धाकट्या भावाचा हात धरून त्याला अक्षर गिरवायला शिकविणाऱ्या ताईलाही एक दिवस तो हात सोडावा लागतो. हात सुटल्यावरही अक्षर वळणदार उमटले, तर शिकविणे सार्थकी लागले, असे समजावे.