दोन मिनिटांचा बॅकअप

नव्या सर्व्हरवरचा पहिला बॅकअप दोन मिनिटांत उरकला, तेव्हा मी आणि दादाने एकमेकांना चक्क टाळी दिली. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण रविवार होता, हातात कटिंग होता आणि काम फत्ते झाल्यावर प्रश्न कोण विचारतं बॉस?

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. भिवंडीत मानकोलीजवळच्या एका गोदामातलं कम्प्युटरचं सगळं तोच बघतो. तुमचं ऑनलाईन मागवलेलं पार्सल कित्येकदा अशाच एखाद्या गोदामातून निघतं. तिथला सर्व्हर पोटमाळ्यावर, कारण २६ जुलै २००५ चं पाणी आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. मालकांना विचारून दादाने रात्रीच्या बॅकअपला माझा लॅपटॉपही जोडून दिला होता. फ्रीलान्सरला कुठलं आलंय आयटी डिपार्टमेंट!

इन्क्रिमेंटल बॅकअपचा फंडा सोपा. पहिल्या दिवशी सगळं कॉपी करायचं, मग रोज रात्री फक्त जे बदललं तेवढंच. काय काय घेऊन झालंय, याची नोंद जॉब एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. झोल इथेच झाला. जॉबसोबत ती नोंदही आम्ही जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर नेली. जॉबला वाटलं, मूळ कॉपी तर झालेलीच आहे. त्याने फक्त त्या दिवसाचे बदल उचलले. मूळ कॉपी राहिली जुन्या सर्व्हरवर.

नऊ दिवसांनी माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. टेन्शन नव्हतं, बॅकअप होता ना! दादाने रिस्टोअर सुरू केलं. त्या आठवड्यातले दोन लेख आले, एक बिल आलं. बस्स.

‘‘आणि बाकीचं?’’

‘‘अगं, एवढंच आहे.’’

बाकीच्यात बाबा होते. त्यांचं अख्खं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे घरातही आवाज चढाच. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना तासभर रेकॉर्ड केलं होतं. नंतर त्या फाईलला हात लावायचा धीर झाला नाही. म्हणजे ती बदललीच नव्हती. म्हणजे नव्या सर्व्हरवरच्या कुठल्याच रात्रीत ती नव्हती.

‘‘दादा, जुना सर्व्हर कुठाय?’’

‘‘खाली, भंगारात. उद्या उचलणार आहेत.’’

आम्ही तशीच बाईक काढली. खोक्यांच्या ढिगाखालून तो डबा ओढून काढला, पुसला, चालू केला. मध्यरात्र उलटल्यावर स्पीकरमधून आवाज आला, ‘‘अगं, हे चालू झालं का?’’ दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

अशी फजिती मोठ्यांचीही होते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा कळलं, बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड चालत नव्हती. एका इंजिनीअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीवर निभावलं. मधल्या सहा तासांतलं मात्र गेलं ते गेलंच.

बाबा म्हणायचे, आडवा धागा कितीही भरा, उभा ताणाच नसेल तर कापड कसलं होणार? मूळ कॉपी म्हणजे तो ताणा. तेव्हा सर्व्हर बदलाल, तर नव्यावर आधी पूर्ण बॅकअप घ्या. मग एखादी जुनी, कधीच न बदललेली फाईल परत काढा आणि उघडून बघा. तोवर जुनी डिस्क भंगारात देऊ नका.

पुढच्या रविवारी आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. यावेळी बॅकअप पहाटेपर्यंत चालला. टाळी दिली, पण नव्या सर्व्हरवरून बाबा बोलल्यावरच.