पांढऱ्या रंगातला बिब्बा

संपादकांचा निरोप होता, "तुमच्या त्या ट्रेझर हंटवर काहीतरी लिहा." सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या डोंगरांचे ओरिएंटियरिंगसाठी नकाशे काढायला लागून मला पंचवीस वर्षं होतील. अजून ट्रेझर हंटच! अहो, यात लपवलेलं काहीच नसतं. जायची ठिकाणं नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखवलेली असतात, आणि तिथे केशरी-पांढरा झेंडा राजरोस लटकत असतो. एका झेंड्याकडून दुसऱ्याकडे कुठून जायचं, एवढंच तुम्ही पळता पळता ठरवायचं. 'जीपीएस असताना हे कशाला?' या प्रश्नाला मी हल्ली उत्तर देत नाही.

खरं तर मला लिहायचं होतं होकायंत्रावर. इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या तेरा-एक अंश पूर्वेला आहे. पुण्यात हा फरक नसल्यातच जमा. म्हणून आमच्या नकाशावरच्या रेघा थेट चुंबकीय उत्तरेच्याच असतात, धावणाऱ्याला बेरीज-वजाबाकी नको. पण ही उत्तर सरकते. १९८०च्या सुमारास हाच कोन सोळाच्या आसपास होता. त्या काळचा नकाशा आज तसाच वापरला, तर पाचशे मीटर सरळ जाऊन तुम्ही पंचवीस मीटर बाजूला निघता. दाट रानात तेवढ्यात धोंडा हुकतो. असो, हे कुणी वाचणार नाही.

डोक्यातून जात नाही ती गेल्या मार्चमधली गोष्ट. ओकलंडच्या वरच्या डोंगरात, रेडवुडच्या झाडीत आमची स्पर्धा होती. नकाशा माझा. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातली पंधरा वर्षांची मुलगी पायवाटा सोडून पळावं लागणाऱ्या गटात पहिल्यांदाच उतरली होती. पाचव्या झेंड्यावरून सहाव्याकडे पायवाट लांबून वळसा घालून जाते. मधला उतार मी पांढरा ठेवला होता. पोरीने नकाशावर विश्वास टाकला, सरळ उतरली, आणि त्या टप्प्यात भल्याभल्यांना मागे टाकलं. दोन दिवसांनी तिच्या पोटऱ्या आणि हात फोडांनी भरले. साताऱ्याहून आलेल्या तिच्या आजींनी फोन हातात घेतला. "अहो, हा तर बिबा उतलाय! तुमच्या नकाशात दाखवत नाहीत होय असलं काही?"

आजींचं निदान शास्त्राला धरून होतं. तिला बाधला तो पॉयझन ओक, आणि तो ओक नव्हेच. बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातली ती वनस्पती. तीन-तीन पानं, कुठे झुडूप, कुठे झाडावर चढलेली वेल. उन्हाळ्याअखेर लालबुंद आणि देखणी. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या उरतात, पण तेल त्या काड्यांतही असतं.

आता दाखवत का नाही ते सांगतो. रंगांचे नियम आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग महासंघाचे. लोकांना वाटतं, हिरवं म्हणजे जंगल. उलट आहे. सुखाने पळता येतं ते जंगल पांढरं, मोकळं माळरान पिवळं, आणि हिरवा रंग अडथळ्याचा. वेग ऐंशी टक्क्यांवर राहिला तर पांढरा, साठ ते ऐंशी फिका हिरवा, वीस ते साठ मधला, त्याखाली गडद. नियम वेग विचारतो, खाज विचारत नाही. गुडघाभर पॉयझन ओकमधून माणूस झकास पळतो, त्याची फळं परवा भोगतो.

यावर आमच्याकडे दोन तट आहेत आणि भांडण जुनं आहे. एक म्हणतो, पळता येतं ना, मग पांढरंच. स्वीडनहून आलेल्या पाहुण्याला नकाशाचा अर्थ घरच्यासारखाच लागला पाहिजे. दुसरा म्हणतो, इथला शहाणा माणूस जिथे पाय घालत नाही ते हिरवं. मी पहिल्या तटाचा, आणि त्याचा मला तोरा होता. दुसऱ्या तटाने बैठकीत विषय काढला की मी नियमांची प्रत पुढे सरकवायचो. आमचा मुद्दा आमच्यावरच उलटतो, हे माझ्या लक्षात आलं ते आजींच्या फोननंतर. पांढऱ्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवतो तो पाहुणा आणि नवशिका. जुनी खोडं लांब पायमोजे चढवून आलेली असतात.

विमानातून लेसर टाकून जमीन मोजणारा लायडार आल्यापासून 'आता नकाशाकार हवाच कशाला' हेही ऐकू येतं. लायडार थोर आहे. रेडवुडखालच्या अंधारात पूर्वी फोटोवरून जे दिसायचंच नाही, ते घळ-उंचवटे तो हुबेहूब देतो. इतके देतो की निम्मे पुसले नाहीत तर धावता धावता नकाशा वाचता येत नाही. कमरेएवढं काहीतरी उगवलंय इथपर्यंत त्याला कळतं. ते काय आहे, हे बघायला माणूसच तिथे गेला पाहिजे. मी गेलो होतो. वहीत नोंदही आहे: 'पॉ. ओक, विरळ, पळता येतं.'

मोसमाचं म्हणाल, तर पाऊस सुरू झाला, आगीची भीती सरली की आमची खरी वर्दळ. बिग बेसिनचं रान २०२०च्या ऑगस्टमध्ये होरपळलं. अशा जळलेल्या डोंगरात नवी झुडपं इतकी माजतात की जुना नकाशा रद्दीत जातो. शिवाय ओकच्या साथीच्या रोगाने मेलेले टॅनओक कोसळून वाटा अडवताहेत. दर शनिवारी कुणी ना कुणी वही घेऊन हिंडत असतं, सगळं फुकट, पदरचं पेट्रोल घालून.

ओकलंडचा तो नकाशा मी पुन्हा काढला आहे. त्या उतारावर आता उभ्या हिरव्या रेघा आहेत: दिसतं सगळं, पण सावकाश. क्लबातल्या निम्म्या लोकांना हे पटलेलं नाही, आणि नियमाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबर आहेत.

हिवाळ्यात मुलांकडे येणं झालं तर एखाद्या रविवारी जरूर या. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी 'व्हाइट' नावाची सोपी शर्यत असते, पूर्ण पायवाटेवरची. नकाशावरच्या पांढऱ्या रंगाशी तिचा काही संबंध नाही. होकायंत्र आम्ही देऊ. पायघोळ पँट तेवढी तुमची आणा.