म्हातारे, मैदान आणि मेंटेनन्स

बरेच दिवस हे लिहायचं राहून जात होतं. दर शनिवारी लॅपटॉप उघडायचा, चार ओळी खरडायच्या, आणि तेवढ्यात वॉशिंग मशीन बोंबललं की उठायचं. आज घरात कुणी नाहीये, चहा थर्मासमध्ये भरून ठेवलाय. तेव्हा होऊनच जाऊ दे!

तर, २६ मे २०२४, रविवार. न्यू जर्सीचं मेटलाइफ स्टेडियम आणि रोलिंग स्टोन्स. सिकॉकसहून स्टेडियमला जाणाऱ्या ट्रेनमधली जनता बघून वाटलं, आपण चुकून चारधाम यात्रेच्या गाडीत तर नाही ना चढलो? पांढरी डोकी, गुडघ्यांना पट्टे, एकदोघांच्या हातात काठ्या. अंगात मात्र लाल जीभ काढलेले टीशर्ट, काही तर धुऊन धुऊन पार विटलेले. माझ्या शेजारच्या आजोबांनी नातवाला कानात घालायचे बोळे दिले आणि स्वतःचं श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. त्या दौऱ्याचा प्रायोजक कोण होता माहितीये? एएआरपी! म्हणजे अमेरिकेतली पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. एकेकाळी आईबाप आपल्या पोरींना ज्यांच्यापासून लांब ठेवायचे, त्यांच्या तिकिटावर हे नाव.

खरं सांगायचं तर मी हसायलाच गेलो होतो. तिकीटसुद्धा ऑफिसमधल्या एकाला जमेना म्हणून अर्ध्या किमतीत मिळालेलं. आणि त्या आठवड्यात हसायला काहीतरी हवंच होतं. बुधवारी आमच्याकडे कपात झाली होती. यादीत माझं नाव नव्हतं, पण गुरुवारी आमच्या एकतीस वर्षांच्या मॅनेजरने फार प्रेमाने विचारलं, "तू अजून त्या जुन्या बिलिंग सिस्टीमवरच आहेस ना? अकरा वर्षं? ती नुसती मेंटेनन्समध्ये आहे रे. काहीतरी नवीन बघ." मी बेचाळीस वर्षांचा. आमच्या धंद्यात बेचाळीस म्हणजे काय, ते तुम्हाला अजून कळायचंय. कळेल.

ह्या मंडळींना मी आधी एकदाच पाहिलं होतं. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम. पश्या आणि मी सबमिशन्स टांगून पुण्याहून गेलो होतो. जॅगर तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. "आत्ताच बघून घे, परत काही हे दिसत नाहीत," असं पश्या म्हणाला होता. कार्यक्रम संपल्यावर चालत सीएसटी गाठलं, पेपर अंथरून पहाटेच्या गाडीची वाट बघत पडलो. पडल्या पडल्या पश्याने फतवा काढला, की चाळिशीनंतर माणसाने गिटारला हातच लावू नये. कॉलेजच्या बँडचा गिटारिस्ट तो, त्याला सगळे अधिकार होते. गंमत म्हणजे जॅगरही तरुणपणी असंच बोलून बसला होता, की पंचेचाळिसाव्या वर्षी 'सॅटिस्फॅक्शन' गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं! गाणं १९६५चं. मेटलाइफला त्याने ते गायलं तेव्हा त्याला एक्याऐंशीवं सरायला दोन महिने राहिले होते.

आता आपल्याला म्हाताऱ्या गायकांचं खरं तर काही वाटत नाही. भीमसेनजी ऐंशी उलटल्यावरही सवाईच्या मंचावर गायले, तेव्हा कुणी "अजून कशाला?" म्हणालं नाही, डोळे पुसले. पण ख्यालात म्हातारं व्हायला जागा आहे. लय थोडी खाली घ्या, तान कमी करा, एका सुरावर जास्त वेळ थांबा. लोक म्हणतात, काय खोली आलीये! रॉकमध्ये ही सोय नाही. 'स्टार्ट मी अप' १९८१ साली रेकॉर्डवर आलं तसंच्या तसं लोकांच्या कानात कोरलेलं आहे. त्याच लयीत, त्याच ठिकाणी तोच झटका हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. आतलं सगळं बदललं तरी चालेल, वापरणाऱ्याला कळता कामा नये. नवीन काही दिलंत तर तो बिअरच्या रांगेत जाऊन उभा राहतो. २०२३ मध्ये ह्यांनी तब्बल अठरा वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि त्यातलं गाणं सुरू झाल्यावर माझी अख्खी रांग लघुशंकेला गेली.

आणि आतलं किती बदललंय बघा. १९६२च्या पहिल्या कार्यक्रमापासूनचे उरलेत फक्त जॅगर आणि कीथ रिचर्ड्स. रॉनी वुड १९७५ला आला, त्याला अजून काहीजण 'नवा' म्हणत असतील. बासवाला बिल वायमन नव्वदच्या दशकात सोडून गेला. २०१९ साली जॅगरच्या हृदयाची झडप बदलली. दोनेक महिन्यांत गडी परत स्टेजवर. २०२१च्या ऑगस्टमध्ये ड्रमर चार्ली वॉट्स गेला आणि पुढच्याच महिन्यात दौरा सुरू झाला. तेव्हा मला ते फार निर्लज्ज वाटलं होतं.

मेटलाइफला मी ड्रम्सकडेच बघत होतो. चार्लीची एक खोड होती, स्नेअरवर ठोका मारताना तो हाय-हॅट वाजवायचाच नाही, हात वर उचलायचा. त्यामुळे त्या ठोक्याला एक मोकळी हवा मिळायची. त्याच्या जागी बसलेला स्टीव्ह जॉर्डन, स्वतः सदुसष्ट वर्षांचा, त्याची नक्कल करत नव्हता. पण आपलं काही घुसडतही नव्हता. दुसऱ्याने लिहिलेला कोड ज्याने वर्षानुवर्षं सांभाळलाय त्यालाच कळेल हे किती अवघड आहे. कीबोर्डवरचा चक लेव्हेल १९८२ पासून ह्यांच्याबरोबर आहे. कुठलं गाणं कुठल्या पट्टीत, कुठल्या लयीत, कुठे काय येतं, ह्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत म्हणे त्याच्याकडे. म्हणजे डॉक्युमेंटेशन! मधेच दोनेक गाणी कीथ गातो, तेवढ्यात जॅगर आत जाऊन दम खातो. लोडचं नियोजन. सगळं काही छान नव्हतं हां, कीथच्या बोटांत संधिवात आहे आणि एकदोन ठिकाणी ते ऐकू आलं. पैशाचा भागही आहेच, तिकिटांचे भाव तर लाज आणणारे. पण शेवटच्या गाण्याला ते आजोबा नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि तोंड उघडं टाकून गायले. श्रवणयंत्र खिशातच. त्यांना ऐकायची गरज नव्हती.

मी हसलो नाही, एवढंच.

सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी होती. मी त्या बिलिंग सिस्टीमवर लिहायला बसलो. कुठला जॉब कधी चालतो, फेब्रुवारीत काय गडबड होते, कुठल्या टेबलला हात लावायचा नाही आणि का. तीन महिन्यांत चाळीस पानं झाली. कुणी मागितली नव्हती.

नोव्हेंबरच्या यादीत माझं नाव आलं. नवी नोकरी मिळायला पाच महिने लागले, ते कसे गेले ते पुन्हा कधीतरी. ती सिस्टीम अजून चालू आहे. एक तरुण मुलगी बघते ती आता. कधीतरी तिचा मेसेज येतो, "सतराव्या पानावर तुम्ही 'इथे सावकाश' असं लिहिलंय, म्हणजे नक्की काय?"

पश्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माळ्यावरून काढली होती रे मागे एकदा. तारा गंजल्यात."

"मग बदल ना साल्या."

"बघतो," म्हणाला. "अलका टॉकीजजवळचं ते दुकान अजून आहे का रे?"

मला काय माहीत, मी न्यू जर्सीत!