मी मुरलीपुऱ्यातच आहे!

वेबसाइट सांगत होती, ‘तुमच्या भागात मुसळधार पाऊस’. आणि मी मुरलीपुऱ्यात, गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी उभी! जूनमधलं जयपूरचं ऊन, डोळे दिपवणारं. चार महिने हेच चाललं होतं. दुकानं अंधेरीची, नाटकांच्या वेळा दादरच्या. जयपूर निवडावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंबई.

एका रात्री ठरवलं, ही मुंबई येते कुठून ते बघूच. पहाटे तीनपर्यंत जागची उठले नाही!

वेबसाइट गाव ठरवते ते आपल्या इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून. पत्ता म्हणतात, पण त्यात गाव नसतंच! जंतरमंतरातल्या सम्राट यंत्राची, त्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, भिंत २७ अंशांनी चढते, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. नागपूरला तीच भिंत उभारली तर वेळ चुकेल. आयपी पत्ता हा मात्र नुसता आकडा, आज इथे, उद्या तिथे. जगात हे आकडे वाटणाऱ्या पाच संस्था आहेत. आपल्या भागाची एपीएनआयसी, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिची नोंदवही कुणालाही बघता येते. मी माझा आकडा घातला आणि इंटरनेट कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता आला. मुंबई! काही कंपन्या अशा नोंदी आणि इतर खुणा जुळवून आकड्यापुढे गाव लिहितात, वेबसाइटी तेच वाचतात.

पण माझी तार खरोखरच मुंबईला जात असेल तर? राउटरच्या पानावरचा आकडा आणि वेबसाइटला दिसणारा आकडा एकच निघाला, म्हणजे मधे कुणी तो बदलत नव्हतं. (मोबाइलवर बहुधा बदलतो, तिथे एकाच आकड्याआड अनेक फोन असतात.) मग ट्रेसरूट चालवलं, वाटेतलं प्रत्येक यंत्र किती वेळात उत्तर देतं ते दाखवणारी आज्ञा. घराबाहेरच्या पहिल्या यंत्राचं उत्तर २ मिलिसेकंदांत! काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे २ मिलिसेकंदांत जाऊन-येऊन फार तर २०० किलोमीटर दूर. मुंबई सरळ रेषेतही ९०० किलोमीटरच्या पुढे. प्रकाशालाही जमलं नसतं! यंत्र जवळच होतं, चूक वहीतच होती. स्वयंपाकघरात बसून हे मला मोजता आलं, यावर माझा विश्वासच बसेना.

ही चूक किती महागात पडते, तेही त्याच रात्री वाचलं. अमेरिकेत नक्की ठिकाण न कळलेले आकडे मॅक्समाइंड ही कंपनी देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर ठेवत असे, ३८ अक्षांश, उणे ९७ रेखांश. तो बिंदू पडला कॅन्ससमध्ये पॉटविनजवळच्या एका शेतघरावर. ६० कोटींहून जास्त आकडे एका घराच्या माथी! चोरीचा माल, हरवलेली माणसं शोधत पोलीस तिथे येत राहिले, वर्षानुवर्षं. २०१६ मध्ये हे उजेडात आलं, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला. त्या घरातल्यांची आठवण मला अजून छळते.

आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे ही नोंद सुधारता येते! मॅक्समाइंडचाच दुरुस्तीचा अर्ज मोफत आहे: आकडा, शहर, पिन कोड. मी ‘जयपूर’ लिहिताना हात थरथरत होता. इंटरनेट कंपनीलाही पत्र धाडलं, कारण २०२० पासून आरएफसी ८८०५ नावाचा एक साधा नमुना आहे. कोणता आकडा कोणत्या गावात, हे कंपनी त्यात स्वतः जाहीर करू शकते.

परवा सकाळी पान उघडलं. जयपूर, ४१ अंश, पाऊस नाही! एक वेबसाइट अजून मुंबईच दाखवते, तिची वही वेगळी. तिलाही आज लिहिते, कुरडया उलटून आले की लगेच.