सोळा तासांचे अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. सपाट नकाशावर रेघ ओढली, तर ती अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर मात्र दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेकडे वळतो आणि नॉर्वेवरून, आइसलँडच्या जवळून पलीकडे उतरतो. सर्वांत जवळची वाट तीच. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. येताना उंचावरील पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने थोडे कमी. हे सारे मला ठाऊक होते, आणि त्या जाणतेपणातूनच माझ्या हातून एक अपराध घडला.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा माता हिवाळ्यात प्रभूच्या घरी गेली. तिचा एकुलता मुलगा न्यूयॉर्कला. त्याच्यासाठी दफनविधी दोन दिवस लांबवला. तो आला नाही. प्रवचनात मी बोलून गेलो, "ज्याला सोळा तासांचे अंतर कापता येत नाही, त्याने मातृऋणाची भाषा करू नये." पहिल्या बाकावर त्याच्या बहिणीने मान खाली घातली. तिच्या हातातील मोबाइलवर तो मिस्सा पाहत होता, हे मला माहीत नव्हते. आमच्याकडे दुपारचे चार वाजले होते. त्याच्याकडे पहाटेचे साडेपाच.

संध्याकाळी ती भेटायला आली. "फादर, त्याचे तिथे राहण्याचे कागद अजून झालेले नाहीत. आता तो बाहेर पडला, तर परत जाता येणार नाही. बायकामुलं तिथेच आहेत. आईनंच त्याला बजावलं होतं, मी गेले तरी येऊ नकोस."

मी निरुत्तर झालो. त्या रात्री मला संत फ्रान्सिस झेवियर आठवले. 7 एप्रिल 1541 रोजी ते लिस्बनहून निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यास पोहोचले. वाटेत तेरा महिने गेले. पुढे 1553 च्या जूनमध्ये संत इग्नेशियस यांनी त्यांना परत बोलावणारे पत्र रोमहून लिहिले. झेवियर तर 3 डिसेंबर 1552 रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तले होते. त्या काळी मरणाची वार्ता पोहोचत नसे. आज वार्ता क्षणात पोहोचते. माणूसच पोहोचू शकत नाही. यांतले अधिक कठोर अंतर कोणते?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन करून क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, मृतांच्या दिवशी आईच्या कबरीवर माझ्या नावानं एक मेणबत्ती लावाल?"

दर 2 नोव्हेंबरला मी ती लावणार आहे. आणि परदेशी गेलेल्या कुणाविषयी "का आला नाही?" असे विचारण्यापूर्वी, त्याची वाट मोकळी होती का, हे आधी विचारणार आहे. वाचकहो, आपणही विचारावे.