दोष चोपड्याच्या उन्हाचा नाही

‘लाजाळू आपल्या खानदेशात टिकत नाही’ हे वाक्य चोपड्यात इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की जणू एखाद्या पंचायतीने ठराव करून ठेवलाय. मला ते दरवेळी खटकतं. मृगाचा पाऊस पडला की नर्सरीतून काळ्या पिशवीतलं हातभर रोप आणायचं, घरात कौतुक करायचं, दिवाळीपर्यंत त्याची काडी झाली की खापर फोडायचं उन्हावर. पण हिशेब तर बघा. जून ते दिवाळी या दिवसांत चोपड्याला झाडं जाळणारं ऊन असतं कुठे? ऑक्टोबरचे चार चटके सोडले तर वर्षातला हा सर्वांत दमट काळ. लाजाळू मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या उष्ण पट्ट्यातली. तिला ऊब हवी, ओलावा हवा. म्हणजे जी हवा तिला मानवते नेमक्या त्याच हवेत ती आपल्या घरात मरते. तेव्हा आरोपी दुसरा कुणीतरी आहे, आणि माझं म्हणणं असं की तो घरातलाच आहे.

हवेचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो काढायला लांब जावं लागत नाही. केळ हे तरी कुठलं कोरड्या मुलखातलं पीक? आग्नेय आशियातल्या दमट जंगलातलं ते झाड, मोठ्या पानाचं, वाऱ्याने चिरफाळणारं. तरीही तापीकाठी चोपडा, यावल, रावेरच्या बागा उभ्या आहेत आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास जातो, हे केळीला कुणी सांगितलेलं नाही असं थोडंच आहे. शेतकऱ्याने हवा बदलली नाही. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावून उष्ण वारा अडवला, ठिबकने मुळाशी ओल राखली, घडावर पाला पांघरला. ज्या तालुक्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तिथे खिडकीतल्या एका कुंडीबद्दल ‘हवा मानवत नाही’ म्हणणं मला तरी पटत नाही.

मग ती मरते कशाने? पहिलं कारण काळ्या पिशवीत आहे. लाजाळूला मुळं दुखावलेली चालत नाहीत. नर्सरीतलं रोप आधीच एकदा वाफ्यातून पिशवीत आलेलं असतं. आपण पिशवी फाडून, गोळा झटकून, शेतातली काळी माती भरलेल्या कुंडीत ते दाबून बसवतो. काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र पावसाळ्यात तिचा गारा होतो आणि नंतर ती आवळून भेगाळते. म्हणून माझा आग्रह बियांचा आहे, आणि बी थेट कायमच्या कुंडीत टाकण्याचा. शेंग अगदी छोटी, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची, कडेने ताठ केसांची झालर असलेली. वाळली की तिचे सांधे सुटून एकेका सांध्यातून एकेक चपटं तपकिरी बी निघतं. त्या बियांचं कवच पाणी आत घेत नाही. लोक बी पेरतात, आठवडाभर वाट बघतात आणि ‘बी खोटं निघालं’ म्हणून कुंडी रिकामी करतात. खोटं काही नसतं, ते नुसतं बंद असतं. पाणी उकळून गॅसवरून उतरवावं, त्यात बी टाकून रात्रभर राहू द्यावं; सकाळी जे फुगून दुप्पट झालं ते पेरायचं, जे तसंच राहिलं ते पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवायचं. पोयटा, वाळू आणि थोडं गांडूळखत, वर अर्धा सेंटीमीटर माती, बस्स. युरिया घालायचा मोह टाळावा. हे शेंगवर्गी झाड, मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र बऱ्यापैकी मिळवतं. उगवायला कधी आठवडा लागतो, कधी चार. या काळात पाण्याचा मारा केला की कोवळ्या रोपाला मर लागते, एवढं सांभाळलं की झालं. आर्द्रात पेरलेलं बी थंडीपर्यंत चांगलं दांडगं होतं.

दुसरं कारण मात्र मोठं आहे, आणि त्याबद्दल बोललं की लोक हसतात. ते कारण म्हणजे आपली बोटं. घरात लाजाळू आली की येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हात लावतो. पोस्टमनपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ‘बघा, कशी मिटते’ म्हणून दाखवलं जातं. पानं उघडतात न उघडतात तोच पुढचा हात तयार. या खेळाची किंमत झाड मोजतं हे कुणाच्या गावी नसतं. टोकाच्या एका पर्णिकेला नखाने हलकेच टोचून बघा. आधी तिची जोडी वर उचलून मिटते, मग तिच्या मागची, मग त्यामागची, असं करत मिटणं देठाकडे सरकतं. तिथून शेजारच्या पात्याच्या बुडाला शिरून ते आता उलट, टोकाकडे धावतं. आणि शेवटी सगळा देठच खाली कलतो. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातल्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी, आणि फुगलेला भाग सैल पडतो. पान ‘पडतं’ ते असं. परत उभं राहायचं तर ते सगळं पुन्हा पेशींत खेचून भरावं लागतं, आणि त्याला शक्ती लागते. चांगल्या तजेलदार झाडाला पूर्ववत व्हायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. तेवढा वेळ पानं मिटलेली, म्हणजे प्रकाश खाणारा पृष्ठभाग झाकलेला. १९७७ सालच्या एका अभ्यासात मिटलेल्या लाजाळूचं प्रकाशसंश्लेषण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेलं आढळलं. दिवसाकाठी पंचवीस वेळा ती मिटवली तर उपास कुणाला घडतो, हे वेगळं सांगायला नको.

जगदीशचंद्र बोस यांनी याच झाडावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं उपकरण इतकं नाजूक होतं की टोचणी आणि हालचाल यांच्यातलं, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासचं अंतरही काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांत उमटायचं. त्यांच्या आलेखांतून दुसरीही एक गोष्ट दिसली: दोन टोचण्यांमध्ये पुरेशी विश्रांती दिली नाही तर झाडाचा प्रतिसाद खुजा होत जातो. थकतं ते. शंभर वर्षांहून जुनी ही माहिती आहे, आणि आपण अजून पानावर बोट फिरवून ‘आज का मिटत नाही? मेली वाटतं’ असं म्हणतोच आहोत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की रानात हिला वारा लागतो, पाऊस झोडपतो, गुरं तुडवतात. तिथे कोण जपतं? कोकणात तर ती बांधावर तणासारखी माजते. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. बांधावरची लाजाळू उघड्या उन्हात असते, तिची कमाई मोठी, तिला चार वेळचा खर्च परवडतो. आपल्या हॉलमधल्या खिडकीत, पडद्याआड, तिची कमाई बांधावरच्या कितव्या हिश्शाची असेल? शिवाय पावसाला आणि वाऱ्याला ती सरावते. अठराव्या शतकाअखेरीस फ्रान्समधल्या देफॉन्तेन यांनी एका विद्यार्थ्याला लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीत घालून पॅरिसभर फिरवायला सांगितलं होतं. फरसबंदीवरच्या हिसक्यांनी झाडं आधी मिटली आणि मग, गाडी धावत असतानाच, पुन्हा उघडली. २०१४ साली मोनिका गाग्लिआनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्या पंधरा सेंटीमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली पाडल्या, तेव्हाही असंच झालं. झाडाला ‘आठवण’ असते असा जो अर्थ त्यातून काढला गेला त्यावर वाद आहे आणि तो वाद मला इथे नको. माझ्या कामाचं त्यातलं एकच निरीक्षण आहे: कमी उजेडात ठेवलेली झाडं लवकर सरावली. ज्याच्या गाठीला कमी, तो खर्चाचा हात लवकर आखडता घेतो. घरातली झाडं सगळी याच वर्गातली.

सरावतेच तर मग बोटंही चालतील, असा पुढचा युक्तिवाद कुणी करेल. नाही चालणार. सरावणं हे एकाच प्रकारच्या, एकाच मापाच्या धक्क्याला असतं. त्याच प्रयोगात पडण्याला सरावलेलं झाड वेगळ्या तऱ्हेने हलवलं की लगेच मिटलं. आणि घरातल्या पाच माणसांची बोटं पाच तऱ्हांची. एकाचं टोचणं, एकाचं चोळणं, लहानग्याचं तर मुठीत धरणं. मिटण्याचा झाडाला उपयोग नाही असं मी म्हणत नाही. २०२२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की ज्या लाजाळूंना मिटता येत नव्हतं त्यांना नाकतोड्यांनी सुमारे दुप्पट खाल्लं. रानात मिटणं ही राखण आहे. घरात नाकतोडा नाही आणि राखणीचा खर्च मात्र रोजचा.

‘हातच लावायचा नाही तर लाजाळू लावायची कशाला?’ हा शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे, आणि त्याच्यापुढे मी थोडा नरमतो. मुलाने हात लावला नाही तर झाड त्याचं होणारच नाही. लावू द्यावा, पण एका पर्णिकेला, एका बोटाने, आणि मग मिटणं कुठून कुठे गेलं ते त्याला सांगायला लावावं. पूर्ण झाडावरून तळवा फिरवण्यात मुलाला काहीच दिसत नाही, सगळं एकदम कोसळतं. शिवाय संध्याकाळी ती कुणी न शिवताच मिटते, सकाळी उघडते. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला अंधारात कोंडून पाहिलं, तर उजेड नसतानाही तिची वेळ चुकली नाही. सजीवांच्या अंगातल्या घड्याळाचा शोध इथून सुरू झाला म्हणतात. हे पाहायला पैसा लागत नाही, फक्त दोन-तीन दिवस एक बंद कपाट.

राहता राहिला उन्हाळा. मी उन्हाला निर्दोष सोडलं, पण एप्रिल-मे सोपे आहेत असं नव्हे. आणि खरं सांगायचं तर थंडीची लाट त्याहून वाईट, पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा कुंडी रात्री आत घ्यावी. उन्हाळ्यात पूर्वेची खिडकी, दुपारी हिरवी जाळी, कुंडीखाली ओली वाळू भरलेलं ताट. कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. लोकांना वाटतं गार हवा बरी, पण त्या झोताने ती दिवसभर मिटलेली राहते. कोरड्या हवेतला खरा शत्रू लाल कोळी. पानं करडी ठिपकेदार दिसू लागली, बारीक जाळी दिसली की समजावं. तो राहतो पानाच्या खालच्या बाजूला, जिथे फवारा नीट पोचत नाही. इथे मात्र माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून मी सांगेन की झाडावरून खुशाल हात फिरवा. पर्णिका वर मिटतात तेव्हा त्यांच्या वरच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि खालची बाजू उघडी पडते. नेमक्या त्याच वेळी साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारला की कोळी धुऊन निघतो. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा-तीनदा करावं लागतं. सकाळी लवकर करावं, म्हणजे उन्हं चढेपर्यंत ती पुन्हा उघडून कामाला लागलेली असते.